फिल्टरचं कपाळ

नवगावच्या कोळीवाड्यात वेणूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. ती ओसरीवरून नवऱ्याला हाक मारायची, तेव्हा मांडव्याच्या धक्क्यावर उभी असलेली माणसं लाँच आली असं समजून पिशव्या उचलायची. मांडवा तिथून किती लांब ते मोजायला कुणी जाऊ नये. ज्यांनी पिशव्या उचलल्या त्यांनीच सांगितलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज असा लागला, की दोरीवर वाळत घातलेले बोंबील तोंड फिरवून पाठमोरे झाले.

"दगा! दगा दिलान गुरुजींनी मला! मोडकं यंत्र गळ्यात बांधून गेला बामन!"

तिचा नवरा भिकू अंगणात जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता, की पहिल्या हाकेला उठायचं नसतं, दुसरीला हूं म्हणायचं, आणि तिसरीला धावायचं. पण आज पहिली, दुसरी आणि तिसरी एकदमच आली.

ओसरीवर पाटावर काचेची पेटी होती. हातभर लांब, वीतभर रुंद. तिच्यात चार तांबडे-सोनेरी मासे, शेपट्या अशा की नवरीचा पदर. रोज ते तळाशी ऐटीत फिरायचे. आज चौघेही वर आले होते आणि पाण्याबाहेर तोंडं काढून 'आ... आ...' करत होते. आणि कोपऱ्यातल्या डबीतून रोज बुडबुड बुडबुड निघणारे फुगे? एक नाही. पाणी सुद्धा भातातली पेज घातल्यासारखं गढूळलं होतं.

"आज दुपारच्या लाँचने येनार हायत ती दोघं," वेणूबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "आनि हे चौघं बघा, जीव सोडायला निघालेत!"

ही पेटी किहीमच्या दिनानाथ गुरुजींची. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, तांदळाचं पीठ जसं स्वच्छ तसा स्वभाव. मासा खात नव्हते, पण माशांचं वेड भारी. वेणूबाई डोक्यावर माशांची पाटी घेऊन त्यांच्या घरावरून गेली की दारात उभे राहून विचारायचे, "वेणूबाई, मासा झोपतो का हो?" वेणूबाई पाटी न उतरवता उत्तर द्यायची, "झोपतो म्हंजे? घोळ तर घोरतो. आमच्या सासऱ्याची होडी एकदा घोरन्याच्या आवाजानं तीन कोस वाट चुकली." गुरुजी ते वहीत लिहून घ्यायचे.

मुंबईला भाचीचं लग्न निघालं, आठ दिवस जायचं होतं. पेटी सांभाळायची कुणी? गुरुजी म्हणाले, वेणूबाईपेक्षा मासा कुणाला कळतो? तेव्हा त्यांची बायको कोकिळाबाई आतून हळूच बोलली. हळूच, पण वेणूबाईला ऐकू जाईल इतपतच हळू.

"कोळणीच्या घरी मासे ठेवताय? परत येतील ते तव्यावरून येतील."

वेणूबाईच्या टाळूपासून टाचेपर्यंत आग झाली. ती तिथेच दारात पाटी आपटून म्हणाली, "चार न्हेते, चार आनून देते! एकाच्या खवल्याला खरचटलं तरी वेणूबाई नाव लावनार न्हाय!"

आणि पेटी घरी आली. गुरुजी बैलगाडीतून स्वतः बरोबर आले, सगळं जोडून दाखवून गेले. मोटारीच्या चाकाची एक ट्यूब, सायकलच्या पंपाने तिच्यात सकाळ-संध्याकाळ हवा भरायची. ट्यूबला एक बारीक रबरी नळी, नळीला चिमटा, म्हणजे हवा एकदम सुटत नाही. नळी जाऊन पोचते ती पाण्यातल्या साबणाच्या डबीत. डबीला तापल्या सुईने पाडलेली भोकं, आत लोणारी कोळसा, वर कापूस. कोळशाच्या तळाशी काचेची एक तोटी, तिचं तोंड सुईच्या भोकाएवढं. तिथून हवा सुटते, फुगे वर चढतात, फुग्यांच्या मागून पाणी ओढलं जातं आणि घाण कापसात अडकते.

"हा फिल्टर," गुरुजी म्हणाले. "हा बंद पडला तर मासे गुदमरतील."

"मासं? पान्यात गुदमरतील?" वेणूबाई पदर तोंडाला लावून हसली. "गुरुजी, शाळंत पोरांना ह्येच शिकवलंत काय?"

सात दिवस सगळं झोकात चाललं. कोळीवाड्यातल्या बायका बघायला यायच्या, आणि वेणूबाई माशांच्या गोष्टी सांगायची. पहिल्या दिवशी मासे तिला बघून शेपटी हलवत होते. तिसऱ्या दिवशी रामराम करायला लागले. पाचव्या दिवशी तर त्यातल्या एकाने म्हणे तिला सांगितलं, की आज ढोमीचं जाळं खांदेरीच्या अंगाला टाका. आणि भिकू त्या दिवशी जाळं खांदेरीच्या अंगालाच टाकून आला.

आणि आता हे.

"सकाळी हवा भरलीत का?" वेणूबाईने भिकूवर नजर रोखली.

"भरली. दोनशे दट्टे मारले. खांदा उतरला माझा."

"खांदा उतरला! होडी वल्हवताना उतरत न्हाय तो, दोनशे दट्ट्यांना उतरला! मंग हवा गेली कुठं? मुंबईला लग्नाला?"

तिने ट्यूब अंगठ्याने दाबून बघितली. टणक. तरी विश्वास बसेना, म्हणून तिच्यावर बसून बघितली. ट्यूबने तिला अदबीने वर ढकललं. तरीही खात्री होईना. मग मासे धुवायच्या पिंपात ट्यूब बुडवून, सगळीकडून गोल फिरवून, कुठून बुडबुडा सुटतो का ते बघितलं. एक सुटला नाही.

"शाबूत हाय," भिकू म्हणाला.

"शाबूत हाय ते दिसतंय मला! तुमी तिथं उभे राहून काय करताव? तांब्या घ्या. पेटीतलं पानी भरा, उंचावरून परत पेटीत सोडा. फेस आला पायजे. थांबू नका, मी सांगेपर्यंत थांबायचं न्हाय."

भिकू तांब्या घेऊन उभा राहिला आणि पाणी उचलून सोडायला लागला. महादेवाला सुद्धा इतका अभिषेक कुणी घातला नसेल. मासे जरा निवले. भिकूचा दुसरा खांदा उतरायला लागला.

वेणूबाईने डबीतून रबरी नळी उपटली आणि तिचं टोक गालाजवळ धरलं. गार वारा आला. तिच्या रागाला आणखी धार चढली.

"वारा येतोय! इथवर वारा येतोय! म्हंजे ट्यूब शाबूत, नळी शाबूत, चिमटा शाबूत. मंग बंद काय पडलंय? माझं नशीब?"

आणि रागाच्या भरात तिने नळीचं उघडं टोक तसंच पाण्यात खुपसलं, वर चिमटा काढून टाकला. झालं! ट्यूबमधली दोनशे दट्ट्यांची हवा एकदम सुटली. पेटीत वादळ उठलं. लाटा काचेला धडका द्यायला लागल्या, भिकूच्या तोंडावर फवारा उडाला, आणि चारांतला सर्वांत लठ्ठ मासा उसळून जो बाहेर पडला तो थेट ओसरीच्या सारवणावर.

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या केसरचं मांजर कुडावर बसलेलं होतं.

त्या मांजराने उडी मारली, आणि वेणूबाईने पण उडी मारली. कोण आधी पोचलं यावर कोळीवाड्यात पुढे बरेच दिवस वाद झाला. वेणूबाई म्हणायची, मासा मांजराच्या तोंडात शेपटीपर्यंत गेला होता, तो तिने शेपटीला धरून ओढून काढला. भिकू म्हणायचा, मांजर तिच्या किंकाळीनेच आडवं झालं. काही असो, मासा परत पाण्यात पडला, चिमटा परत लागला, आणि मांजरापाठोपाठ केसर धावत आली.

केसर म्हणजे भिकूच्या धाकट्या भावाची, हरेश्वरची बायको. शेजारच्याच घरात राहायची. तोंडाने वेणूबाईइतकी मोठी नव्हती, पण तिला घाई नसायची, आणि ज्याला घाई नसते त्याच्याशी भांडणं अवघड.

"माझ्या मांजराला मारलंस?"

"तुझ्या मांजराला? तुझ्या मांजराला मी पाटीवर बसवून पूजीन! आधी तू सांग, काल माझ्या ओसरीवर येऊन काय म्हनालीस?"

"काय म्हनाले?"

"'गो बाय, कसे गोजिरे दिसतात गो!' म्हनालीस! दोनदा म्हनालीस! आनि आज सकाळी बघ. दृष्ट लागली! तुझी दृष्ट लागली माझ्या माशांना!"

हे ती बोलली ते साधं बोलली नाही. चार घरांपलीकडे ठमी मीठ लावत होती, तिचा हात थांबला. आवाज गेला तिथवर सगळ्यांना कळलं, की केसरच्या नजरेने गुरुजींचे मासे मरायला लागलेत.

केसरचं तोंड उतरलं. ती वळून निघून जाईल असं भिकूला वाटलं. पण ती पदर खोचून पेटीपाशी येऊन बसली.

"माझ्या नजरेत एवढं बळ असतं," ती म्हणाली, "तर माझी सासू केव्हाच सुधारली असती. मला सांग, वारा कुठवर येतो?"

"नळीपर्यंत येतो."

"आनि डबीतून न्हाय?"

"न्हाय."

"मंग खोट डबीत हाय. चुलीवरची फुंकनी चोंदली तर आपून फुंकनीत काडी घालतो. शेजारनीच्या नावानं बोंब मारत न्हाय."

ते वेणूबाईला इतकं लागलं की तिने डबी पाण्यातून अशी उपसली जशी केसरच त्या डबीत बसली होती.

झाकण उघडलं. वरचा कापूस काळाकुट्ट, चिकट.

"हा बघ! कापूस चोंदला! आठ दिवसांत चोंदनारा कापूस दिला मला गुरुजींनी! सरकी काढलेला तरी असता!"

तिने उशी उसवली, मूठभर नवा कापूस काढला, डबीत भरला, ट्यूबमध्ये परत हवा भरली, नळी जोडली, डबी पाण्यात सोडली. भिकू तांब्या थांबवून बघायला लागला.

काही नाही. चार मासे आणि तीन माणसं, सातही जणांची तोंडं उघडी.

"तांब्या!" वेणूबाई गरजली. भिकूने परत अभिषेक चालू केला.

मग कोळसा काढला. कोळसा धुतला. परत भरला. काही नाही. वेणूबाईच्या तोंडून आता गुरुजी, गुरुजींची शाळा, त्यांना शिकवणारे मास्तर, मोटारीच्या चाकाचा शोध लावणारा आणि भाचीचं लग्न ठरवणारा, असे सगळे जण एकेक करून गेले. सूर्य माडाच्या शेंड्यावर आला होता. मांडव्याला लाँच लागायची वेळ जवळ येत होती, आणि वेणूबाईच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. कोकिळाबाई पेटीत डोकावतेय, नुसती मान हलवतेय. त्या मानेसमोर आयुष्यभर पाटी घेऊन जायचं! ज्या बाईने दर्यातल्या चाळीस जातींचे मासे डोळे मिटून नुसत्या वासाने ओळखले, तिला लोक म्हणणार, घरात आणलेले चार मासे हिला जगवता आले नाहीत. किंवा मग म्हणणार, खाल्लेन. त्याहून वाईट काय असेल ते ठरवणं तिला जमेना.

केसरने डबी रिकामी केली. तळाशी काचेची तोटी काळ्या चिखलाने माखलेली होती. तिने ती पदराने पुसली, तोंडात धरली आणि फुंकर मारली. गाल टोपलीएवढे फुगले, कान लाल झाले, पण हवा जाईना. मग तिने तोटी उन्हात धरली आणि एक डोळा मिटून बघितलं.

बराच वेळ बघितलं. मग डोळा उघडला आणि वेणूबाईकडे बघायला लागली.

"जाऊबाय," ती म्हणाली, "ह्या भोकात कुंकू हाय."

ओसरीवर पाण्याचा आवाज थांबला. भिकूचा तांब्या हवेत राहिला.

वेणूबाईने तोटी तिच्या हातातून घेतली. तिला काल सकाळ आठवली. दसरा. होडी धुतली, जाळी धुतली, वल्ही, कोयता, विळी, वजनकाटा, सगळं दर्याच्या पाण्याने धुऊन ओळीने मांडलं. वर्षभर घरासाठी जे जे राबतं त्याला दसऱ्याला हळदकुंकू लागायचंच. सासूने शिकवलेलं, तिला तिच्या सासूने. ओळीच्या शेवटी डबी आली. आठवडाभर रात्रंदिवस राबणारी. परक्याची असली म्हणून काय झालं? तिने ती उघडली, कोळसा-कापूस काढून ठेवला, दर्याच्या पाण्यात बुचकळली, आणि मग बोटावर ओली हळद आणि वर कुंकू घेऊन ती डबी हातात फिरवत राहिली. होडीला पुढे टोकाला नाळ असते, जाळ्याला तोंड असतं, कोयत्याला पातं असतं. हिला टिळा कुठे लावायचा? हिचं कपाळ कुठलं? शेवटी जिथून वारा सुटतो तेच हिचं कपाळ, असं ठरवून तिने त्या तोटीच्या तोंडावर चांगला ठसठशीत टिळा लावला, आणि डबी दिवसभर उन्हात ठेवली. वाळून त्याचा दगड झाला. संध्याकाळी कोळसा, कापूस भरून परत पाण्यात. फुगे येतायत की नाही, ते बघायला सणाच्या दिवशी वेळ कुणाला!

"काडी दे," ती एवढंच म्हणाली.

काडी जाडी झाली. खराट्याची हीर मोडली. सुई पोचेना. शेवटी वेणूबाई चुलीपाशी गेली. तिथे कुडाच्या फटीत पाला माशाचा एक लांब बारीक काटा खोचून ठेवलेला होता, भिकूचा दात कोरायचा. तो काटा तोटीत गेला, फिरला, आणि लाल-पिवळा खडा टपकन तळहातावर पडला.

डबी भरली, नळी जोडली, भिकूने दट्टे मारले, चिमटा सैल केला. उरलंसुरलं हळदकुंकू घेऊन एक फुगा आला. मग दुसरा. मग बुडबुड बुडबुड धार लागली. मासे वरच्या वर जरा घुटमळले आणि हळूहळू खाली उतरले. मेलेल्या माशाच्या काट्याने जित्या माशांना जीव आला.

"आता दृष्ट कुनाची?" केसरने विचारलं.

"तुझी न्हाय असं कोन म्हनतं?" वेणूबाई म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. आणि तेवढ्यात अंगणात बैलांच्या घंटा वाजल्या.

गाडीतून आधी कोकिळाबाई उतरली. पायातली वाळू न झटकता सरळ पेटीपाशी गेली आणि बोटाने मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. परत एकदा मोजले.

"चार आहेत," ती गुरुजींना म्हणाली. त्यात आनंद होता की हिरमोड, ते सांगता येणार नाही.

गुरुजींनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "छान! तरतरीत आहेत. पण वेणूबाई, पाणी असं तांबूस का दिसतंय? आणि तळाशी हे पिवळं?"

वेणूबाईने तोंड उघडायच्या आत कोकिळाबाई बोलली. हळूच, पण ऐकू जाईल इतपतच हळू.

"हळद आणि तिखट असेल. तव्यावर जायच्या आधी लावतात ना, ते."

वेणूबाईच्या पोटात एक गोष्ट तयार होती. ती तशी नेहमीच तयार असायची. परवा दर्याला तांबडी भरती आली, खांदेरीपर्यंत पाणी कसं जास्वंदीसारखं झालं, त्याचा एक थेंब वाऱ्याने उडून पेटीत... तिने "परवा दर्याला" एवढं म्हटलं, आणि मागून केसर खोकली. एकदाच.

वेणूबाई थांबली. तिने केसरकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, कोकिळाबाईच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग ती उसळली.

"कुंकू हाय ते! कुंकू आनि हळद! माझ्या घरात दसऱ्याला राबनाऱ्या सगळ्या वस्तूंना लावतात, तुमच्या ह्या डबीला पन लावलं! तोटीच्या तोंडावर लावलं, तोटी चोंदली, यंत्र बंद पडलं. माझ्या हातानं पडलं! सकाळधरनं ह्या मानसानं तांब्यानं पानी घालून घालून मासं जगवलं, आनि ह्या केसरनं खोट शोधून काढली. पन वैनी, मला एक सांगा! दोन वर्षं हे यंत्र तुमच्या घरात दिवसरात राबतंय. दोन दसरे झाले. त्याला कधी बोटभर कुंकू लावलंत का तुमी? न्हाय लावलंत! आनि मी लावलं तर तव्याची भाषा करता? मासं खायचं असतं तर आठ दिवस पंप मारला असता का आमी? आमच्या दारात रोज पाटीभर मासं येतात, तुमच्या ह्या शेपट्यांत हाय काय खायला? नुसती झालर!"

कोकिळाबाईचं तोंड लाल झालं. गुरुजी डोळे मिचकावत डबीकडे बघत राहिले.

"तोटीच्या तोंडावरच का लावलंत पण?" त्यांनी अगदी वर्गातल्यासारखं विचारलं.

"तिचं कपाळ कुठं हाय ते तुमी कुठं दाखवून गेलेलात?"

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली. डबीचं झाकण पुसलं आणि मधोमध एक छोटा गोल काढला.

"हे कपाळ," ते म्हणाले. "पुढच्या दसऱ्याला इथे लावा. आम्ही चार दिवस पुण्याला जाणारच आहोत तेव्हा."

कोकिळाबाईने नवऱ्याकडे बघितलं, पण या वेळी हळूच सुद्धा काही बोलली नाही. ती निघायला वळली, तशी वेणूबाई आडवी झाली.

"थांबा. सवाशीन माझ्या दारातनं तशीच जायची न्हाय."

ती आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. कोकिळाबाईसमोर उभी राहून तिने हळद लावली, वर चांगला ठसठशीत टिळा लावला, आणि एक पाऊल मागे सरून बघितलं.

"हितं बरंय," ती म्हणाली. "कपाळ शोधायला लागत न्हाय."

कोकिळाबाईचे ओठ हलले. हसली, की तिने ते चावले, गाडी सुटेपर्यंत कुणाला कळलं नाही. पण गाडी वळणावर गेल्यावर गुरुजींच्या हसण्यात तिचंही हसणं मिसळलेलं भिकूने ऐकलं. निदान तो तसं म्हणायचा.

केसर अजून ओसरीवरच बसली होती, मांजर मांडीवर घेऊन.

"काय बसलीस?" वेणूबाई म्हणाली. "सांगितलं ना गुरुजींना, खोट तू शोधलीस म्हनून."

"गुरुजींना सांगितलंस. पन दृष्टीचं तू ठमीच्या घरापर्यंत ओरडून सांगितलं होतंस. तेवढ्याच मोठ्यानं मागे घे."

वेणूबाईने नाक फुगवलं, पदर खोचला, ओसरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि छाती भरून घेतली.

"केसरची दृष्ट न्हवती गोऽऽऽ! माझं कुंकू होतं!"

त्या दुपारी मांडव्याच्या धक्क्यावर पुन्हा सगळ्यांनी पिशव्या उचलल्या.